कवळीवाल्या मावशीचं परदेशी शिक्षण

परदेशी शिकायला जायचं खूळ मुळात माझं. एका थंड देशातली सरकारी विद्यापीठं फी घेत नाहीत, आपल्या मुलांकडून नाही की परक्यांकडून नाही, असं मी कुठेसं वाचलं आणि रविवारी जेवताना घरात जाहीर केलं. आईनं डाव पातेल्यात तसाच सोडला. म्हणाली, "फुकट? आपल्याकडे फुकट फक्त सल्ला मिळतो, तोही शेजारणीचा. काहीतरी काळंबेरं असणार बघ."

मग मी अटी वाचून दाखवल्या. फी माफ, पण शिकायचं त्यांच्या भाषेत, आणि त्या भाषेची परीक्षा आधी पास व्हायची. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, चारही भागांत. शाळेची वर्षं त्यांच्या शाळेइतकी झालेली हवीत. ती कमी पडत असतील तर काही विषयांना त्याच कामातला अनुभव धरतात. राहण्याजेवणाची सोय ज्याची त्यानं दाखवायची.

"आणि वयाची अट?" मावशीनं विचारलं.

मी वर-खाली शोधलं. "वयाचं काहीच लिहिलेलं नाही."

"बरं," ती म्हणाली आणि भात कालवायला लागली. त्या 'बरं'मध्ये काय शिजत होतं ते तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. चाळिशी ओलांडलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आमच्याकडेच राहणारी. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे ती कवळ्या बनवते. त्या जागेला प्रयोगशाळा म्हणायचं म्हणून म्हणायचं, एरवी ती दवाखान्यामागची लांबट खोली आहे. टेबलावर प्लास्टरची पांढरी साय धरलेली, खिडकीत स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाचे तुकडे, आणि फळीवर ओळीनं मांडलेले लोकांच्या तोंडांचे साचे. लहानपणी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मी किंचाळलेच होते. मावशी म्हणाली, "अगं, चावत नाहीत. दात बसवायचेत अजून." गल्लीत तिला सरळ कवळीवाली म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं आहे, उगाच नाही.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्या तोंडावर अवलंबून आहे.

बाबा कापडाच्या दुकानात विक्रेते होते. रुमाल घ्यायला आलेल्या माणसाच्या गळ्यात ते अख्ख्या घराचे पडदे मारायचे, आणि तो माणूस वर त्यांचेच आभार मानून जायचा. मग त्यांना टाळूचा कॅन्सर झाला. ऑपरेशननं जीव वाचला, पण टाळूला भोक राहिलं. पाणी प्यायलं की नाकातून यायचं. डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं आणि मावशीनं प्लेट बनवली. टाळूला चिकटून बसणारी गुलाबी तबकडी, आणि तिच्यावर त्या भोकात बरोब्बर शिरणारा एक उंचवटा. पाणी थांबलं. जेवण जमायला लागलं. बोलणं मात्र नाकातच राहिलं. आम्हा घरच्यांना कळायचं, सवयीनं. बाबा हौसेनं दुकानात परत गेले, तर गिऱ्हाईक त्यांच्याशी ओरडून ओरडून, हातवारे करून बोलायला लागलं. बाबा बहिरे आहेत असंच वाटलं त्याला. ते दुपारीच घरी आले ते पुन्हा गेले नाहीत. त्यानंतर बाहेर अवाक्षर नाही. घरात हो, नको, मीठ दे. बास. मला तर कधीकधी त्या गिऱ्हाइकाला शोधून काढून त्याच्या कानात ओरडावंसं वाटायचं.

मावशीला ते लागलं होतं. ती आईला म्हणायची, "ताई, भाऊजींचं जेवण गळायचं थांबलं, पण बोलणं अजून गळतंय. कुठून गळतं ते कळतं मला, का गळतं ते कळत नाही. ते शिकवणारं इथे कुणी नाही."

तिकडे होतं. त्या फुकट विद्यापीठात नेमका हाच अभ्यासक्रम होता: गेलेला जबडा, गेलेली टाळू, गेलेलं नाक माणसाला परत करून देण्याचा. हे मावशीनं मला न सांगता शोधून काढलं, डॉक्टरीणबाईंना धरून अर्जही केला. तिची शाळा दहावीपर्यंतची, पुढे कवळ्यांच्या कामाचा सर्टिफिकेट कोर्स. शाळेची वर्षं कमी पडतात, असं विद्यापीठानं स्वच्छ कळवलं. मग डॉक्टरीणबाईंनी तिच्या अनुभवाचा दाखला दिला, तिच्या कामाचे फोटो पाठवले, राहण्याच्या खर्चाची हमीही स्वतः लिहून दिली. उत्तर आलं: अनुभव ग्राह्य. उमेदवार पात्र. मात्र भाषेची परीक्षा पुढच्या प्रवेशाच्या आत, चारही भागांत पास व्हायला हवी. तोवर नाही झाली तर ही पात्रता संपली.

म्हणजे आता सगळं अडलं होतं ते मावशीच्या जिभेवर.

माझं म्हणाल तर मी त्यांच्या मुळाक्षरांपर्यंत पोचले होते. तेवढ्यात मला कुरियरच्या ऑफिसात नोकरी लागली आणि मी सुटले. मावशी सुटली नाही. तिनं फोन एप्रनच्या खिशात टाकला, कानात इयरफोन खुपसले, आणि दिवसभर पॉलिशच्या चाकाच्या घरघरीत ती भाषा ऐकत राहिली. नवीन शब्द पेन्सिलीनं साच्यांच्या बुडाखाली लिहायची. कुणाच्या वरच्या जबड्याखाली 'खिडकी', कुणाच्या खालच्या जबड्याखाली 'उशीर होणे'. साचा हातात घेतला की शब्द डोळ्यासमोर. डॉक्टरीणबाई एकदा मला म्हणाल्या, "हिच्यामुळे मला पेशंटची नावं आठवत नाहीत आता. परवा मी एका आजोबांना 'छत्री' म्हणणार होते."

पण बोलायचं कुणाशी? मी ऑफिसात. आई म्हणाली, "मला मराठीत भांडायला दिवस पुरत नाही, तुझी आणखी एक भाषा कुठे घेऊ?" राहता राहिले बाबा.

मावशीनं त्यांना विचारलंच नाही. संध्याकाळी चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला, फोनवरचं एक वाक्य दाखवलं, ऐकवलं आणि म्हणाली, "भाऊजी, म्हणा." आम्हाला वाटलं, बाबा उठून जातील. बाबांनी ते वाक्य म्हटलं. मग दुसरं म्हटलं. मग तिसरं मावशीच्या आधी म्हटलं.

रोज संध्याकाळी, स्वयंपाकघरातल्या त्या टेबलाशी, वर्षभर. मी एकदा ऑफिसातून लवकर आले आणि दारातच थबकले. दोघं दुकान-दुकान खेळत होती. बाबा उभे राहून हवेत कापड उलगडत होते, मावशी गिऱ्हाईक झाली होती, आणि बाबांच्या तोंडून ती परकी भाषा धबाधबा वाहत होती. मला एक अक्षर कळत नव्हतं. पण मावशीला नको असलेलं काहीतरी ते तिच्या गळ्यात मारतायत, हे अगदी स्पष्ट कळत होतं! इतकी वर्षं मी ज्या माणसाला 'मीठ दे'च्या पुढे ऐकलं नव्हतं, तो माणूस हसत होता, थापा मारत होता, घासाघीस करत होता. मी चपला न काढता तिथेच उभी राहिले. रडू येत होतं की हसू, मला ठरवता येईना.

त्या रात्री जेवल्यावर मी त्यांना विचारलं, "बाबा, मराठीत का नाही बोलत असं?"

ते हळूहळू, नाकातून म्हणाले, "मराठीत माझा आधीचा आवाज आहे. मलाच ऐकू येतो. त्या भाषेत तो नाहीच. तिथे मी असाच जन्मलोय."

मी उठून भांडी आवरली.

परीक्षा झाली. मावशी मोठ्या शहरात जाऊन देऊन आली आणि काही दिवसांनी निकाल आला. ऐकणं, वाचणं, लिहिणं, तिन्हींत उत्तम. बोलण्यात नापास. खाली परीक्षकांनी शेरा लिहिला होता. तो मावशीनं मोठ्यानं वाचून मराठी करून सांगितला: उमेदवाराची भाषेची जाण चांगली आहे, परंतु उच्चार नाकातून होतात आणि समजायला अवघड जातात. तोंडाची शस्त्रक्रिया झालेली असल्यास वैद्यकीय दाखला जोडावा, नियमानुसार सवलत मिळेल.

आधी मावशी हसली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "अगं बाई! मला? शस्त्रक्रिया?" मीही हसले. आणि मग आम्हा दोघींच्या एकदमच लक्षात आलं. वर्षभर मावशी ती भाषा फक्त एकाच तोंडासमोर बसून बोलली होती. जे समोर ऐकलं तेच तिच्या जिभेवर बसलं होतं. बाबांचं नाकातलं बोलणं आमच्या कानांना इतकं घरचं झालं होतं, की मावशी परक्या भाषेत अगदी बाबांसारखी बोलते हे कुणाला जाणवलंच नव्हतं. तिलाही नाही.

मी मागे वळून पाहिलं. बाबा तिथेच उभे होते. त्यांना भाषांतराची गरजच नव्हती. मावशीच्या खांद्यावरून त्यांनी तो शेरा स्वतः वाचला होता.

त्या दिवसापासून त्यांनी प्लेट पाण्याच्या ग्लासात ठेवून दिली. घोट घोट पेज प्यायची आणि खिडकीशी बसायचं. मीठसुद्धा मागेनात. प्रवेशाच्या आत परीक्षा आणखी एकदाच होणार होती, आणि घरात दोन माणसं गप्प झाली होती.

आई व्यवहारी. ती म्हणाली, "ते दाखला आणा म्हणतायत तर आणावा की! डॉक्टरीणबाई आपल्याच आहेत. एका कागदाचा तर प्रश्न."

"ताई, माझं तोंड शाबूत आहे," मावशी म्हणाली. "मी आजारी माणसाची सवलत खाऊन आजारी माणसांचं शिक्षण घ्यायला जाऊ? शोभतं का?" मग ती उठली, ग्लासातली प्लेट काढली, नळाखाली धुतली आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिली. "भाऊजी, तोंड उघडा."

बाबांनी मान फिरवली.

"नापास मी झालेच नाही," ती म्हणाली. आवाज चढला होता तिचा. "मी तुमची नक्कल हुबेहूब केली, एवढंच. नापास झालीय ती ही प्लेट, आणि ती माझ्या हातची आहे. तुमचा काय संबंध त्यात? माझ्या कामातली खोट काढू देत नाही तुम्ही मला? उघडा म्हणते ना!"

मावशीचा असा आवाज बाबांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं.

त्यानंतरचे आठवडे मी जन्मात विसरणार नाही. दवाखाना उघडण्याच्या आधी, सकाळी, डॉक्टरीणबाई त्या दोघांसाठी लवकर यायच्या. प्लेटच्या उंचवट्यावर पांढरी पेस्ट लावायची, प्लेट बाबांच्या तोंडात बसवायची, मान हलवा, गिळा, बोला. बाहेर काढली की पेस्ट कुठे पुसली गेली ते दिसायचं. जिथे पुसली तिथे उंचवटा घासतोय, तिथे खरवडायचं. जिथे जशीच्या तशी तिथे फट आहे, तिथे भर घालायची. आणि नाकाखाली आरसा. पर्समध्ये असतो तसला, साधा, गोल. 'बाबा' म्हणा, 'पोपट' म्हणा. आरशावर वाफ धरली म्हणजे वारा अजून नाकातून निसटतोय. धरलीच. रोज धरायची. मावशी आरसा पुसायची आणि म्हणायची, "पुन्हा." डॉक्टरीणबाई कधी माप बदलायच्या, कधी कपाळाला हात लावून खुर्चीत बसायच्या. मावशी नखाएवढं खरवडायची, त्याहून कमी भर घालायची, पॉलिश करायची, "पुन्हा."

मी ऑफिसला जाताजाता डोकावायचे. एका सकाळी गेले तर खोलीत कुणी हलत नव्हतं. बाबा खुर्चीत, मावशी आरसा धरून, डॉक्टरीणबाई वाकून बघतायत.

"पोपट," बाबा म्हणाले.

आरसा कोरा.

"पुन्हा," मावशी म्हणाली आणि तिनं तो कोराच आरसा पुसला.

"पोपट. बाबा. पाट. बोट." आरसा कोरा करकरीत. आणि तो आवाज! तो जुना नव्हता, जुना कुठून येणार? पण सरळ तोंडातून येत होता, मोकळा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे मी केलेलं नाही हं, सांगून ठेवते. एवढी चिकाटी बापजन्मात माझ्यात नव्हती." मावशी टेबलाला धरून उभी होती, दोन्ही हात प्लास्टरनं माखलेले. मला तेव्हा कळलं की माणसाच्या हातून काय काय होऊ शकतं. देवळात सुद्धा मी एवढी गप्प कधी उभी राहिले नव्हते.

मावशी मात्र दुसरंच काही म्हणाली. "एका तोंडाला इतके दिवस गेले. तेही नशिबानं जमलं. बाकीच्या तोंडांनी काय करायचं? मला जायलाच हवं."

मग पुन्हा टेबल, पुन्हा चहा, पुन्हा दुकान-दुकान. आता बाबांच्या तोंडून निघालेली भाषा मावशीच्या जिभेवर बसली, आणि जुनी सवय हळूहळू उतरली. कधी ती घसरून पुन्हा नाकात बोलायला लागली की बाबा तिच्या नाकाखाली आरसा धरायचे आणि डोळे मिचकावून म्हणायचे, "पुन्हा."

दुसऱ्या परीक्षेला आम्ही तिघं गेलो. बाबा नको म्हणत होते. मावशी म्हणाली, "साच्याशिवाय मी काम करत नाही." परीक्षेच्या इमारतीत लांबलचक व्हरांडा, भिंतीला लागून बाकं, त्यांवर वीस-बाविशीतली पोरंपोरी ओठ हलवत बसलेली. त्यांच्यात आमची मावशी, केसांत पांढऱ्या बटा आणि नखांत प्लास्टर. या खेपेला मावशीची फक्त बोलण्याचीच परीक्षा होती, आणि तिचा निकाल तिथल्या तिथे सांगणार होते. तिचं नाव पुकारलं, ती आत गेली, दार लागलं. बाबा माझ्याशेजारी बसून आतलं बोलणं ऐकायचा प्रयत्न करत होते.

दार उघडलं. मावशीच्या मागोमाग परीक्षक बाई बाहेर आल्या, तिकडच्याच, उंच, चष्मेवाल्या. मावशीनं बाबांकडे बोट दाखवलं. बाईंनी बाबांना काहीतरी विचारलं. बाहेरच्या माणसाशी बाबा बोलल्याला किती वर्षं झाली होती!

बाबा उठले. शर्ट खाली ओढला. आणि बोलले. बाईंनी आणखी काही विचारलं, बाबांनी उत्तर दिलं, हात पसरून, दुकानात पसरायचे तसे. बाई खळखळून हसल्या, त्यांच्याशी हात मिळवला, मावशीचा खांदा थोपटला आणि आत गेल्या.

"काय झालं? काय म्हणाल्या? अहो, कुणी सांगेल का मला?" मी मावशीला गदागदा हलवलं. पण तिनं पुन्हा बाबांकडेच बोट दाखवलं.

"पास!" बाबा म्हणाले. मराठीत. त्या भरल्या व्हरांड्यात, पूर्ण आवाजात. "पास झाली तुझी मावशी! बाई म्हणाल्या, उच्चार इतके स्वच्छ, शिकवलं कुणी? हिनं माझ्याकडे बोट केलं. बाईंनी मला विचारलं, तुम्ही आमच्या देशात किती वर्षं होतात? मी म्हटलं, बाई, मी आमच्या स्वयंपाकघराच्या बाहेर गेलेलो नाही. माझी भाषा हिनं घडवलीय, अक्षरशः, हातानं."

अट पुरी झाली होती. आता मावशी खरोखर पात्र होती. आज ती तिकडे पोरासोरांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसते, तिची फी खरंच कुणी मागितलेली नाही, आणि आईला अजूनही त्यात काहीतरी काळंबेरं वाटतं. पण ते सगळं नंतरचं.

त्या व्हरांड्यात, समोरच्या बाकावर, पुढचा नंबर असलेली एक मुलगी होती. रडवेली झालेली, हातातला रुमाल पिळणारी. तिनं बाबांकडे बघून विचारलं, "काका, फार अवघड विचारतात का हो?"

बाबा तिच्याशेजारी जाऊन बसले. "छे गं! काही अवघड नाही. आधी पाणी पी बघू. आता मी बाई होतो, तू सांग, तुला काय आवडतं..." आणि सुरूच झाले. तिचा नंबर लागून ती आत गेली, तरी हे तिच्या शेजारच्या मुलाशी बोलतच होते. मग त्याच्या शेजारच्याशी.

आमच्या गाडीची वेळ होत आली होती. मी बॅग उचलली आणि मावशीला म्हटलं, "उठवू का त्यांना?"

मावशीनं माझ्या हातातली बॅग काढून खाली ठेवली. "गाड्या काय, मागून पुष्कळ आहेत," ती म्हणाली. "बोलू दे त्यांना."